शिवसागराकाठी तंबूत राहायला जाताना

महाबळेश्वरची बाजारपेठ मागे टाकून तापोळ्याचा रस्ता धरला की चार-सहा वळणांतच गर्दी संपते. पंचवीस-तीस किलोमीटरचा हा उतार सरता सरता झाडीतून पाणी दिसायला लागते. ते एका जागी न थांबता डोंगरांच्या बेचक्याबेचक्यांत शिरलेले असते. हा कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. धरणाची भिंत पाटण तालुक्यात, कोयनानगरजवळ. तिने अडवलेल्या पाण्याचे शेपूट सुमारे पन्नास किलोमीटर उत्तरेला, पार तापोळ्यापर्यंत येते. पलीकडच्या काठावर सह्याद्रीचा मुख्य कणा, त्याच्या अंगावर दाट जंगल आणि ते संपले की एकदम खाली कोकण.

गेल्या काही वर्षांत या काठावर तंबूंची वस्ती वाढली आहे. आत पलंग-गादी, जोडून न्हाणीघर, बाहेर लाकडी सज्जा, संध्याकाळी शेकोटी आणि ताटात गरम भाकरी. शहरात याला ग्लॅम्पिंग म्हणतात, गावात नुसते 'टेन्ट'. जाहिरातीतले फोटो मात्र सगळीकडे सारखेच असतात. पवना धरणाच्या काठचा तंबू आणि तापोळ्याचा तंबू फोटोत वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की तंबूकडे शेवटी बघा. आधी पाण्याचा काठ कोणता, महिना कोणता आणि जागा कुणाची, एवढे ठरवा. हे नीट जमले तर साधा तंबूही सुख देतो. हे चुकले तर मऊ गादीचा काही उपयोग होत नाही.

कोणता काठ?

तापोळा सगळ्यात सोयीचा. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील, महाबळेश्वरही जोडून करायचे असेल, तर इथेच राहावे. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचे पाणी इथल्या परिसरात एकत्र येते. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांना जाण्यासाठी लाँच आणि तराफा चालतो. काठावर बसून ही ये-जा बघण्यात संध्याकाळ सहज जाते.

बामणोली जावळी तालुक्यात आहे. साताऱ्याहून कास पठारावरून रस्ता येतो. ज्यांना वासोटा किल्ला चढायचा आहे त्यांनी मुक्काम इथे करावा, कारण वासोट्याच्या पायथ्याची लाँच इथून सुटते. बामणोलीच्या जवळ मुनावळ्याला २०२४ पासून शासनाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले आहे. वेगवान बोटींची हौस असेल तर ती तिथे भागवून घ्या, पण मुक्काम त्याच्या आवाजापासून लांब असू द्या.

तिसरी बाजू कोयनानगरची. कराडहून पाटणमार्गे जाता येते. इथे नखरेदार तंबू कमी, पण नवजा गावाजवळचा ओझर्डे धबधबा आणि नेहरू उद्यान जवळ आहेत, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासाची सोयही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने कोयनेचे नाव जगभर गेले. आजही या भागात अधूनमधून हलके हादरे जाणवतात. रात्री पलंग हलल्यासारखा वाटला तर घाबरू नका. डोक्यावर स्लॅब नसलेला माणूस अशा वेळी उलट जास्त सुरक्षित असतो.

सांगलीकरांना मात्र कोयनेपर्यंत जायचीही गरज नाही. त्यांच्याकडे वारणा आहे, चांदोली आहे. त्याबद्दल शेवटी सविस्तर.

महिना चुकला की सगळे चुकते

'लेक व्ह्यू' तंबूचे जास्तीचे पैसे मोजणाऱ्या फार थोड्या लोकांना कोयनेच्या पाण्याचा हिशोब माहीत असतो. तो समजून घेतला तर अर्धी फसगत टळते. धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातले ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी दरवर्षी वीज करण्यासाठी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणाकडे सोडता येते. उरलेले पूर्वेकडे नदीतून येते आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात चढवले जाते. १ जूनला धरणाचे नवे तांत्रिक वर्ष सुरू होते, म्हणजे मे अखेरीला जलाशय वर्षातला सगळ्यात रिकामा असतो.

त्या दिवसांत तापोळ्याच्या काठावर उभे राहून बघा. फोटोत तंबूच्या पायरीला टेकलेले पाणी आता पार खाली गेलेले असते. मधल्या उतारावर आधी वाळलेल्या गवताचा पट्टा, मग भेगाळलेला तांबूस गाळ, त्यातून वर आलेले झाडांचे काळे बुंधे, कुठे जुन्या बांधाच्या दगडांची सरळ ओळ. पाण्याशी पोचायला गाळ तुडवत उतरावे लागते आणि लहान मुलांचे पाय त्यात रुततात. हे दृश्य वाईट आहे असे मी म्हणणार नाही. हे पाणी कुणाच्या तरी शेतात गेले आहे, कुणाच्या तरी घरात दिवा लावून गेले आहे. पण ज्याला पाण्याकाठी राहायचे आहे त्याने एप्रिल-मे टाळावा, किंवा निदान 'आत्ता पाणी तंबूपासून किती लांब आहे? आजचा फोटो पाठवा' असे सांगून मगच पैसे भरावेत.

सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा. जलाशय भरलेला, डोंगर अजून हिरवे, हवा स्वच्छ. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर सकाळी उशिरापर्यंत धुके असते आणि गारठा ओलसर असतो. हवामानखात्याच्या आकड्यापेक्षा अंगाला तो जास्त बोचतो. वर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी या दिवसांत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा, काटेसावर फुलतात, दुपार तापू लागते आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. मेमध्ये पाणी नसले तरी करवंदे, जांभळे, फणस असतात आणि महिन्याच्या अखेरीला, वळवाचा पाऊस झाला की, झाडे काजव्यांनी लखलखतात. काजव्यांसाठी जायचे असेल तर 'लेक व्ह्यू'चे पैसे देऊ नका, झाडीतला तंबू घ्या.

जून ते सप्टेंबर तंबू नकोच. महाबळेश्वर आणि नवजा ही राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी, वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पाडणारी. कोणतेही कापड त्यापुढे टिकत नाही. टिकले तरी आतली गादी, रजई, कपडे सगळे ओले. पावसाळ्यात यायचेच असेल तर कौलारू घरात, चुलीच्या उबेला राहा. घाटात दरड आली तर रस्ता बंद होतो आणि धबधब्यांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश असतात. निघण्याआधी चौकशी करा.

सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचे दिवस कासच्या फुलांचे. पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत २०१२ मध्ये कासचा समावेश झाला. हंगामात दिवसाला येणाऱ्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे आणि आगाऊ नोंदणी लागते. बामणोलीचा रस्ता याच पठारावरून जातो, म्हणून शनिवार-रविवारी दुपारी निघालात तर गाड्यांच्या रांगेत अडकाल. पहाटे निघा, नाहीतर आठवड्याच्या मधले दिवस धरा. पठारावर मुक्काम करता येत नाही. 'अगदी कासवर तंबू' असे कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

फोनवर काय विचारायचे

आरक्षण करणाऱ्या मध्यस्थाशी न बोलता प्रत्यक्ष जागा सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. 'दादा, तंबू कशावर उभा आहे?' हा पहिला प्रश्न. लाकडी फळ्यांचा किंवा सिमेंटचा ओटा जमिनीपासून निदान हातभर उंच हवा आणि भोवती पाणी वाहून जाण्यासाठी चर हवा. जमिनीवर थेट अंथरलेल्या तंबूत ओल चढते, विंचू-किडे येतात, आणि थंडीत पाठीला गारवा लागून झोप येत नाही. आतल्या कापडावर वेगळे छत आहे का, हेही विचारा. दोन थरांमध्ये मोकळी हवा असेल तर पहाटेचे दव आत टपकत नाही आणि दुपारी तंबूची भट्टी होत नाही. खिडक्यांना जाळी आणि दाराला खालपर्यंत बंद होणारी चेन हवी. पोहोचल्याबरोबर चेन स्वतः दोनदा लावून-उघडून बघा. अडकत असेल तर तंबू बदलून मागा, उजेड आहे तोवरच.

दुसरा प्रश्न न्हाणीघराचा, आणि हा जिवाशी आहे. पाणी कशाने तापते? सौर बंब असेल किंवा बाहेर पेटवलेला तांब्याचा बंब असेल तर उत्तम. गॅसचा गिझर बंदिस्त न्हाणीघरात बसवलेला असेल तर जाऊ नका. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, डोळ्यांत पाणी येत नाही, माणूस गुंगी आल्यासारखा कोसळतो. हेच तंबूत निखाऱ्यांची शेगडी आणण्याबाबत. थंडी वाजते म्हणून रात्री शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून आत आणायची आणि चेन लावून झोपायची कल्पना कुणाच्याही मनात येऊ शकते. ती कधीही अमलात आणू नका. जादा रजई मागा, गरम पाण्याची पिशवी न्या, कानटोपी घालून झोपा.

तिसरे म्हणजे सांडपाणी. शौचालयाची टाकी कुठे आहे आणि पाण्यापासून किती लांब, हे विचारायला संकोच करू नका. शिवसागरातले पाणी धरणातून कोयनेत येते, कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीपर्यंत जाते. वाटेत कितीतरी गावांच्या पाणीयोजना त्यावर चालतात. तापोळ्याच्या काठावर साबण लावून भांडी घासली तर तो साबण खालच्याच कुणाच्या तरी हंड्याकडे निघालेला असतो. ज्या मालकाला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येते, त्याची बाकीची व्यवस्थाही बहुधा चोख असते.

जागेबद्दल एक बारीक गोष्ट. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन धरणासाठी संपादित झालेली आहे, ती कुणाच्या मालकीची नाही. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते त्या रेषेच्या वर तंबू आहे का, हे विचारा. काठाला टेकलेला तंबू दिसायला देखणा असतो, पण तो बेकायदा असू शकतो आणि ऐन मुक्कामात उठवला जाऊ शकतो. पर्यटन संचालनालयाची नोंदणी आहे का, ग्रामपंचायतीची परवानगी आहे का, एवढे विचारले तरी उत्तर देणाऱ्याच्या आवाजावरून अंदाज येतो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० चे आणि साहसी पर्यटन धोरण २०२१ चे. दोन्हींत नोंदणीची सोय आहे, म्हणजे 'इकडे असले काही नसते' हे उत्तर खरे नव्हे.

बाकी चौकशी पटकन होते. गाडी लावल्यावर तंबूपर्यंत किती चालायचे आणि उतार किती? गुडघेदुखीवाल्यांना हे आधी कळले पाहिजे. दोन तंबूंमध्ये किती अंतर? कापडाच्या भिंतीतून शेजाऱ्यांचे घोरणेही ऐकू येते. वीज गेली तर जनरेटर किती वाजेपर्यंत? रात्री स्पीकर लावतात का? दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच बंदी आहे, पण मुळात असे मोठे गट घेणारी जागाच टाळा. दर माणशी की तंबूचा, त्यात जेवणे किती, मुलांचे किती, रद्द केले तर परत किती, हे संदेशात लिहून घ्या. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नकार द्या.

पलीकडचे जंगल

पश्चिमेच्या काठावरचे जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे आहे. १९८५ मध्ये जाहीर झालेले कोयना अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले चांदोली मिळून २०१० मध्ये हा प्रकल्प झाला. क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरलेले. या जंगलात रात्री राहता येत नाही. वासोट्यावर मुक्काम, शेकोटी, तंबू, सगळ्याला बंदी आहे. तंबूवाला 'जंगलात नेऊन झोपवतो' म्हणाला तर तो तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे.

वासोट्याचा दिवस असा आखावा. पहाटे उठून पहिल्या लाँचने निघायचे. बामणोलीहून पाण्यातून साधारण तास-दीड तासात मेट इंदवलीचा काठ येतो. तिथे वनखात्याच्या चौकीवर नोंद होते आणि बरोबरच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजल्या जातात. परतताना तेवढ्या दाखवाव्या लागतात. चढ पूर्णपणे दाट झाडीतून आहे. ऊन लागत नाही, पण दम लागतो. वर गेल्यावर बाबुकड्याचे टोक आणि नागेश्वराची बाजू दिसते. मराठेशाहीच्या अखेरीस हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना पेशव्यांच्या लोकांनी याच गडावर कैदेत ठेवले होते. भोवतालचे रान पाहिले की पळून जाणे का शक्य नव्हते ते कळते. वेळेत खाली उतरा, कारण लाँचला अंधार पडायच्या आत परतायचे असते. पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो.

वाघ दिसेल का, हा प्रश्न हमखास येतो. सह्याद्रीत वाघ आहेत, थोडे आहेत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणून सोडण्याचे कामही झाले. पण हे ताडोबा नाही. डोंगरउतारावरचे गच्च सदाहरित रान आहे, दहा पावलांवरचा गवा दिसत नाही. इथे यायचे ते शेकरूची उडी, धनेशाच्या पंखांचा फडफडाट आणि पहाटे ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर ऐकायला. वाघाची हमी देणाऱ्याचे ऐकू नका, आणि रात्री गाडी घेऊन बॅटरीचे झोत टाकत फिरण्याचा बेत कुणी मांडला तर साफ नाही म्हणा.

मुक्कामी काही सवयी पाळाव्यात. उरलेले अन्न तंबूत ठेवू नये, वासाने रानडुकरे आणि कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधारात मुलांना एकटे न्हाणीघराकडे पाठवू नये. बूट घालण्यापूर्वी झटकावेत. कातळाच्या आणि वाळल्या पाल्याच्या भागात फुरसे असते, म्हणून बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांतले काही करू नका. तो अवयव हलणार नाही असा ठेवा, १०८ ला फोन करा आणि लगेच निघा. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते आणि सर्पदंशाची लस कुठे मिळते हे मालकाला आल्या आल्याच विचारून ठेवावे. मोबाइलला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते, तेही. आग्यामोहोळ लटकलेले झाड किंवा कडा दिसला तर खाली धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका. शेकोटी मोकळ्या, खरवडलेल्या जमिनीवरच हवी, शेजारी पाण्याची बादली हवी, आणि झोपण्याआधी राखेत हात घालता येईल इतकी ती विझवायला हवी. फेब्रुवारीनंतर वारा सुटला असेल त्या रात्री शेकोटी नकोच. या डोंगरांवर वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

पाण्यात उतरण्याआधी

हा तलाव म्हणजे बुडालेली दरी आहे. काठ दिसतो तसा सपाट नाही. चार पावले गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला तळच नाही, असे होते. खाली जुनी झाडे आहेत, गाळ आहे, पडक्या जोत्यांचे दगड आहेत. चांगले पोहणाऱ्याचाही पाय अडकतो. म्हणून जिथे गावची माणसे पोहतात तिथेच, त्यांच्या सोबतीने आणि जाकीट घालून उतरावे. दारू पिऊन कुणी पाण्याकडे निघाले तर त्याला धरून बसवणे हे बरोबरच्यांचे काम. लाँचमध्ये बसताना प्रत्येकाच्या अंगावर जाकीट आहे आणि त्याचे बंद लागतात, हे बघितल्याशिवाय बोट सुटू देऊ नका. दुपारनंतर वारा उठतो आणि मोकळ्या पात्रात लाटा येतात. छोट्या वल्ह्याच्या होड्यांची हौस सकाळीच भागवून घ्यावी.

ज्यांची ही जमीन

कोयना धरण झाले तेव्हा या खोऱ्यातली गावेच्या गावे पाण्याखाली गेली. माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी विखुरली. जी राहिली ती डोंगर चढून वर बसली. पुढे अभयारण्य आले, मग व्याघ्र प्रकल्प आला आणि पुन्हा गावे उठली. साठ वर्षे उलटली तरी पुनर्वसनाचे प्रश्न पुरते मिटलेले नाहीत. डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांनी २०१८ मध्ये कोयनानगरला मोठे ठिय्या आंदोलन केले होते. जावळी-पाटणच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे मुंबईत माथाडी कामगार म्हणून राबली. तुम्हाला शांत वाटणारे गाव बरेचदा कर्ते लोक बाहेर असल्यामुळे शांत असते.

म्हणून मुक्काम गावातल्या माणसाच्या जागेत करा, असे मी आग्रहाने सांगते. जमीन शहरातल्या कुणी विकत घेतली असेल आणि गावकरी तिथे फक्त भांडी घासत असतील, तर तुमचे पैसे घाट चढून परत शहरातच जातात. गावच्या कुटुंबाचे चार तंबू असतील तर गादी कदाचित थोडी पातळ मिळेल, पण लाँचवाला त्यांचा चुलतभाऊ असतो, मासे सकाळी शेजाऱ्याच्या जाळ्यातून येतात, आणि रात्री मुलाला ताप आला तर गाडी काढायला तीन माणसे उभी राहतात. या भागात रस्ते, पूल आणि 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाच्या चर्चेमुळे जमिनीचे व्यवहार वाढले आहेत. अशा वेळी कुणाच्या ओट्यावर आपण चार दिवस राहतो, ही निवड बारीक वाटली तरी तिचे वजन आहे.

जेवणही गावचेच मागा. पनीर आणि नूडल्स घाट चढवून आणायला लावू नका. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले, खर्डा, कुळथाचे माडगे, गावठी कोंबडीचा रस्सा, मरळ मिळालीच तर तिचे कालवण. सकाळी स्वयंपाकघरात डोकावून 'वहिनी, आज काय आहे?' विचारले की चुलीवर जे असेल त्यातले उत्तम ताटात येते. निघताना तांदूळ, मध, कोकम विकत घ्या. महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मध तिथून घेतला तर घासाघीस करू नका.

बरोबर न्यायचे सामान थोडकेच: डोक्याला लावायची बॅटरी, उबदार कपड्यांचा एक जादा जोड, घट्ट बूट, नेहमीची औषधे, रोख पैसे, पाण्याच्या भरून घेता येतील अशा बाटल्या आणि कचरा परत नेण्यासाठी कापडी पिशवी. गाडीची टाकी सातारा किंवा महाबळेश्वरलाच भरा. स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा.

सांगलीकरांसाठी चांदोली

पुणे-बंगळूर महामार्गावर पेठ नाक्याला वळून शिराळा, कोकरूड, आरळा असे जात राहिले की आपण वारणा खोऱ्याच्या तोंडाशी येतो. वारणेवरच्या मातीच्या धरणाने अडवलेला वसंत सागर जलाशय ३४.४० टीएमसीचा, म्हणजे कोयनेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि त्याच्या तिन्ही बाजूंना राष्ट्रीय उद्यान. इथे काठावर तंबूंची रांग नाही, आणि ती होऊ नये असे मला मनापासून वाटते. उद्यानाच्या आत कुठेही खासगी मुक्काम नाही. राहायचे ते बाहेरच्या गावांत. वारणावती, मणदूर, आरळा या पट्ट्यात शेतकऱ्यांनी थोड्या खोल्या आणि तंबू उभे केले आहेत. सोयी साध्या आहेत, म्हणून आधी सांगितलेली फोनवरची चौकशी इथे जास्तच काळजीने करा.

चांदोलीचा एक दिवस सकाळच्या फेरीसाठी ठेवा. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घेऊन आत जाता येते. झोळंबीच्या सड्याकडे जाताना एकीकडे उघडा कातळ आणि दुसरीकडे खाली पाणी. गव्यांचे कळप दिसण्याची शक्यता इथे बरी असते. पावसाळ्यात उद्यान बंद असते, आणि बाकीच्या दिवसांतही आठवड्याची सुट्टी आणि गाड्यांची संख्या वनखात्याच्या कार्यालयात विचारूनच निघावे. संध्याकाळी गावच्या वेशीपलीकडे पायी फिरायला जाऊ नका. उसाच्या फडात बिबट्याचा वावर शिराळा तालुक्यात नेहमीचा आहे आणि गावकरी सांगतील ती वेळ पाळावी.

मुले फार लहान असतील, रात्रीचा मुक्काम जमणार नसेल, तर कडेगाव तालुक्यातले सागरेश्वर बघा. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर झाडे लावून, हरणे आणून उभे राहिलेले हे जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे अभयारण्य, कुंपण घातलेले. चितळ, सांबर, काळवीट दिसतात. पायथ्याशी सागरेश्वराची जुनी देवळे आहेत आणि शेजारी यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे. सकाळी लवकर जाऊन वरच्या टोकावरून कृष्णाकाठची शेते दाखवली की मुलांना पुढच्या हिवाळ्यातल्या तंबूची ओढ आपोआप लागते. तो तंबू दिवाळीच्या सुट्टीत हवा असेल तर चौकशी गणपतीतच सुरू करा. गावच्या माणसांच्या चांगल्या जागा थोड्या असतात, आणि त्या दसऱ्यापर्यंत भरून जातात.